दहा पौंडांत मूल वाढत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं

ब्रिटिश गुन्हेगारीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला येतो जॅक द रिपर. मराठी यूट्यूब बघा, व्हॉट्सअॅपवर फिरणारे लेख बघा, तेच धुकं, तेच व्हाइटचॅपल, त्याच पाच बायका आणि तो न सापडलेला माणूस. मला आता याचा राग येतो, खरंच सांगते. कारण रिपरनंतर अवघ्या आठ वर्षांनी त्याच देशात एक बाई पकडली गेली, जिने किती तान्ही मुलं मारली याचा नक्की आकडा आजपर्यंत कुणाला लावता आलेला नाही, आणि तिचं नाव आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. अमेलिया डायर.

माझं मत आहे की रिपरपेक्षा डायरची केस कितीतरी महत्त्वाची आहे. रिपरच्या गोष्टीत लोकांना फक्त एक खुनी दिसतो. डायरच्या गोष्टीत खुनी बाई तर आहेच, पण सोबत संसदेने केलेला कायदा आहे, रोजचा पेपर आहे, आणि लग्नाशिवाय आई झालेल्या मुलीला दारात उभं न करणारा अख्खा समाज आहे.

सुरुवात कायद्यापासून करते कारण सगळं तिथूनच येतं. 1834 साली इंग्लंडमध्ये गरिबांच्या मदतीचा नवा कायदा आला. त्यात अनौरस मुलाची जबाबदारी आईवर टाकून बापाला जवळजवळ मोकळं सोडलं. विचार असा की सोय काढून घेतली की पोरी आपोआप सुधारतील. दहा वर्षांनी आईला बापावर दावा करायची वाट मिळाली, पण पुरावा तिनेच आणायचा आणि मिळून मिळून काय तर आठवड्याला जास्तीत जास्त अडीच शिलिंग. आता ही पोरगी कोण असायची? कुणाच्या घरी राहून काम करणारी मोलकरीण, नाहीतर दारूच्या दुकानात गिऱ्हाइकांना ग्लास भरून देणारी. मूल कडेवर घेऊन ना नोकरी मिळणार ना खोली. मग उरायचं वर्कहाऊस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारं सरकारी घर. लंडनला फाउंडलिंग हॉस्पिटल नावाची टाकलेली मुलं सांभाळणारी संस्था होती, 1739 पासूनची, पण तिथे मूल घ्यायच्या आधी आईची चौकशी व्हायची, पहिलंच मूल आहे का, आधीचं चारित्र्य चांगलं होतं का वगैरे.

या फटीत एक धंदा उभा राहिला, बेबी फार्मिंग म्हणायचे त्याला. एखादी बाई पेपरात जाहिरात द्यायची, मूलबाळ नसलेलं जोडपं आहे, गावाकडे छान घर आहे, बाळ दत्तक घेऊ. काही बायका दर आठवड्याला पैसे घेऊन मूल सांभाळायच्या, त्यातल्या कितीतरी जणी प्रामाणिकपणे सांभाळायच्या हेही म्हटलंच पाहिजे. पण काही जणी एकरकमी घ्यायच्या. पाच पौंड, दहा पौंड, की विषय संपला, आईने परत चौकशी करायची नाही.

आता हा हिशोब करून बघा. दहा पौंड म्हणजे दोनशे शिलिंग. आठवड्याला पाच शिलिंग धरले तरी चाळीस आठवड्यांत संपले. म्हणजे मूल वर्षाचं व्हायच्या आत पैसा खलास, आणि त्यानंतर ते जितके दिवस जगेल तितके दिवस त्या बाईच्या खिशातून जाणार. ते जितक्या लवकर मरेल तितका तिचा फायदा. हे समजायला शिकलेलं असायला लागत नाही. जाहिरात छापणाऱ्याला हे समजत होतं, वाचणाऱ्याला समजत होतं, आणि तरी वर्षानुवर्षं त्या जाहिराती छापून येत राहिल्या.

आणि मारायला हात लावावा लागायचाच असंही नाही. गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचं अफू घातलेलं सिरप दुकानात सहज मिळायचं, ते दिलं की बाळ रडत नाही, दूध मागत नाही, आणि हळूहळू वाळत जातं. (मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायकांना तान्ह्या पोरांना बाळगोळी देऊन कामावर जावं लागायचं, तेही अफूच, फक्त तिथे आई संध्याकाळी परत यायची.) शेवटी डॉक्टर येऊन अशक्तपणाने गेलं असं लिहून द्यायचा. मेलेलं जन्मलं असं सांगितलं तर नोंदही लागायची नाही, कारण तशा जन्मांची नोंदणी इंग्लंडमध्ये 1927 पर्यंत नव्हतीच.

सरकारला हे माहीत नव्हतं असंही नाही. 1870 साली ब्रिक्स्टनच्या मार्गारेट वॉटर्सला याच प्रकारात फाशी झाली, तिच्या घरात अफू देऊन गुंगवलेली, हाडं वर आलेली बाळं सापडली होती. त्यानंतर 1872 साली कायदा आला, की वर्षाच्या आतली एकापेक्षा जास्त मुलं सांभाळायला घेणाऱ्याने नोंदणी करायची. एकापेक्षा जास्त! म्हणजे एका वेळी एकच घेतलं, ते संपवलं आणि दुसरं आणलं तर कायद्यात बसतच नाही.

अमेलिया डायर ब्रिस्टलजवळची, नर्सिंग शिकलेली. एका सुईणीकडून तिला हा धंदा कळला. 1879 मध्ये तिच्याकडच्या इतक्या बाळांच्या मृत्यूचे दाखले लिहावे लागतायत म्हणून एका डॉक्टरला संशय आला, केस झाली, आणि शिक्षा किती तर हलगर्जीपणाबद्दल सहा महिने सक्तमजुरी. सहा महिने! त्यातून ती एवढंच शिकली की डॉक्टरला बोलवायचंच नाही. पुढे नावं बदलत, गावं बदलत ती फिरत राहिली आणि 1895 मध्ये रेडिंगजवळ कॅव्हर्शॅमला आली, थेम्सच्या काठी.

30 मार्च 1896 ला मालवाहू नाव (बार्ज) चालवणाऱ्या एकाला नदीत पुडकं सापडलं, आत बाळाचं प्रेत. गुंडाळलेल्या कागदावर अगदी पुसट अक्षरं होती, डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल अँडरसनने मायक्रोस्कोपखाली धरून ती वाचली, मिसेस थॉमस, म्हणजे डायरच वापरत असलेलं एक नाव, आणि कॅव्हर्शॅमचा पत्ता. पुडकं सापडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी डायर चेल्टनहॅमला दुसरं बाळ घ्यायला गेली होती.

त्या बाळाची आई इव्हलिना मार्मन, बारमध्ये काम करणारी. मला या सगळ्या केसमध्ये सगळ्यात जास्त हीच आठवते. हिला मूल टाकायचं नव्हतं हो. हिनेच पेपरात जाहिरात दिली होती की कुणी चांगली बाई माझं बाळ सांभाळेल का, आणि नेमकी शेजारीच डायरची जाहिरात. हिचं म्हणणं होतं की मी आठवड्याला पैसे देईन, म्हणजे पुढे परिस्थिती सुधारली की पोरीला परत आणता येईल. डायर एकरकमी दहा पौंडांवर अडून बसली. शेवटी हिने दिले, आणि तान्ह्या डॉरिसला सोपवून बिचारी त्यांच्याबरोबर ग्लॉस्टरपर्यंत रेल्वेने गेली, तिथून परत फिरली. डायर त्याच दिवशी लंडनला विल्सडेनमध्ये लेकीच्या घरी पोचली आणि कपड्याच्या काठाला लावतात ती पांढरी टेप डॉरिसच्या गळ्याभोवती आवळली. दुसऱ्या दिवशी हॅरी सिमन्स नावाचं अजून एक मूल, त्याच टेपने. दोघांना एका कार्पेट बॅगेत विटांसकट भरून थेम्समध्ये टाकलं.

3 एप्रिलला पोलिसांनी घरावर धाड घातली. घरात कुजल्याचा वास होता, टेप होती, बाळांचे कपडे गहाण टाकल्याच्या पावत्या होत्या, आणि आयांची पत्रं, माझं बाळ कसं आहे विचारणारी. नदीतून मग एकेक करून प्रेतं निघत गेली. माझी मुलं कुठली ते गळ्यातल्या टेपवरून कळेल, असं ती स्वतःच म्हणाली.

खटला लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टात चालला, फक्त डॉरिसच्या खुनाचा. बचाव होता वेडाचा, ती आधी वेड्यांच्या इस्पितळात राहून आली होती म्हणून. ज्यूरीला निकालाला साडेचार मिनिटं लागली. 10 जून 1896 ला न्यूगेटच्या तुरुंगात फाशी.

फाशी योग्य होती की नाही यात मी पडत नाही. डायरला मी एका शब्दानेही माफ करत नाही, तिने हे पैशासाठी केलं आणि वर्षानुवर्षं केलं. पण तिला राक्षसीण म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. राक्षसीण म्हटलं की बाकीचे सगळे सुटतात. डॉरिसचा बाप कोण होता? त्या सबंध खटल्यात त्याला कुणी उभं केलं नाही.

हे सगळं टाळता आलं असतं का? आलं असतं, आणि हे मी आजच्या शहाणपणातून बोलत नाहीये. 1863 साली, म्हणजे डायर पकडली जायच्या तेहेतीस वर्षं आधी, आपल्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवांनो, इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा, असं त्यांनी जाहीर फलक लावून सांगितलं. आईच्या चारित्र्याची चौकशी नाही. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा 1874 मध्ये त्यांनी स्वतः दत्तक घेतला, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. सरकार इंग्रजांचंच होतं, काळ तोच, पैसा तर फुल्यांकडे संसदेच्या मानाने काहीच नव्हता. त्यांनी नेमका रोग ओळखला, की आई मुलाला मारत नाही, लाज मारते, तेव्हा लाजेवर इलाज करा.

इंग्लंडमध्ये डायरनंतर 1897 मध्ये कायदा थोडा कडक झाला, वीस पौंडांपर्यंतची एकरकमी घेऊन दोन वर्षांच्या आतलं मूल घेतलं तर कळवायचं. तरी 1903 मध्ये अमेलिया सॅच आणि अॅनी वॉल्टर्स या दोघींना याच धंद्यात फाशी झाली. एकटं मूल सांभाळायला घेतलं तरी नोंद, हे यायला 1908 उजाडलं. आणि कोर्टातून कायदेशीर दत्तक घ्यायची सोय इंग्लंडमध्ये झाली 1926 मध्ये, म्हणजे डॉरिस गेल्यावर तीस वर्षांनी.