कळ थांबली म्हणजे मुतखडा पडला असं नाही

उन्हाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. कंबर दुखली की मुतखडाच समजा, बिअर प्या, सात दिवस पानफुटीची पानं खा, दूध-टोमॅटो बंद करा, आणि कळ थांबली की खडा पडला, डॉक्टरची गरज नाही. धनकवडीत माझा दवाखाना आहे. हे वाचून घरीच थांबलेले पेशंट माझ्याकडे येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

टू-व्हीलरवर खड्डे खाऊन दुखणारी कंबर आडवं झालं की सुटते. मुतखड्याच्या कळेत आडवं पडवतच नाही. माणूस खुर्चीत बसतो, लगेच उठतो, टेबलावर दोन्ही हात टेकून वाकतो, घामाने शर्ट ओला होतो, उलटी येते. कळ पाठीत बरगडीखाली उठते, पुढे जांघेत उतरते, ओसरते आणि पुन्हा येते. लघवी लालसर होऊ शकते. पण साठीनंतर अशी कळ पहिल्यांदाच आली, तर पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून फुटलेली नाही ना, हे आधी बघावं लागतं. पाळी चुकलेली असेल तर गर्भ नळीत राहिल्याची शंका घ्यावी लागते. घरबसल्या हे कळत नाही.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे: कळ थांबली की खडा पडला. मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, साधारण 25 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद असते. खडा तिथे अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि ती कळ त्या ताणाची असते. काही दिवसांनी तुंबलेलं मूत्रपिंड लघवी कमी तयार करतं, ताण उतरतो, दुखणं थांबतं. खडा मात्र जागच्या जागी असतो. असे आठवडे गेले तर मूत्रपिंड कायमचं निकामी होऊ शकतं, तेही न दुखता. म्हणून लघवी जुन्या चहाच्या गाळणीतून गाळा, खडा सापडला तर तपासायला आणा, आणि सापडो न सापडो, सोनोग्राफी पुन्हा करा. 5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. 10 च्या वरचे क्वचितच.

कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, एकच मूत्रपिंड असेल किंवा बाई गरोदर असेल, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, मूत्रवाहिनीत स्टेंट म्हणजे बारीक पोकळ नळी ठेवून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी टाकून लघवीला वाट करून द्यावी लागते. उशीर झाला तर ते जिवावर बेतू शकतं.

बिअरने लघवी वाढते, पण वाट बंद असताना ती वाढली तर कळच वाढते, शिवाय नंतर अंगातलं पाणी कमी होतं. पानफुटीने किंवा कुळथाच्या काढ्याने कॅल्शियमचा खडा विरघळल्याचा पुरावा नाही. औषधाने विरघळतात ते मुख्यतः युरिक ॲसिडचे खडे.

दूध बंद करणं तर उलटं पडतं. बरेचसे खडे कॅल्शियम आणि ऑक्झलेट (काही भाज्यांमधून येणारा घटक) लघवीत एकत्र येऊन होतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, म्हणून ते लघवीत कमी उतरतं. इटलीतला 2002 सालचा अभ्यास बघा: कॅल्शियम कमी केलेल्या 60 पुरुषांपैकी 23 जणांना पाच वर्षांत पुन्हा खडे झाले. कॅल्शियम नेहमीएवढं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या 60 पैकी 12 जणांना झाले. टोमॅटोत ऑक्झलेट फारसं नसतं, पालकात भरपूर असतं. जेवताना दही ठेवा, लोणचं-पापड आवरा, आणि दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या.