बाणेरवर अन्याय? ‘एक बाणेरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि मुद्देसूदही, म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहितो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी आधी थोडक्यात. बंगळूरहून पुण्यात येणारं जोडपं. एकाचं ऑफिस पश्चिमेला हिंजवडीत, रोज जायचं. दुसऱ्याचं पूर्वेच्या टोकाला खराडीत, आठवड्यातून दोनच दिवस. दोन मुलं, एक चार वर्षांचं, दुसरं दीड, भाड्याचं बजेट सढळ. औंध, बाणेर, कल्याणीनगर की प्रभात रोड, असा प्रश्न होता आणि लेखात पहिली पसंती औंधला होती. तुमचं म्हणणं: पाण्याचे टँकर सगळ्या पुण्यात येतात, मग एकट्या बाणेरला का झोडपता? क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, पोडियमवरची (पार्किंगच्या छतावरची) बाग औंधच्या जुन्या सोसायट्यांत कुठे आहे? शाळेची बस असताना अंतराचा बाऊ कशाला? मेट्रोने सगळा हिशेबच बदलेल. आणि प्रभात रोडचं कौतुक म्हणजे जुन्या पुण्याची मिजास.

मिजाशीचं आधी संपवू. लेखात प्रभात रोड चौथ्या क्रमांकावर होता. वेताळ टेकडी हाकेच्या अंतरावर, कमला नेहरू पार्क चालत, गल्ल्यांना सावली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे पुनर्विकासाचा सपाटा चालू आहे. शेजारचा बंगला पडला की दोन-तीन वर्षं फोडकामाच्या ब्रेकरचा आवाज आणि धूळ, आणि दीड वर्षाच्या मुलाची दुपारची झोप नेमकी त्याच वेळेत. आपलीच सोसायटी पुनर्विकासाला निघाली तर भाडेकरूला घर सोडावं लागतं. म्हणून तिथे घर बघताना सेक्रेटरींना गेल्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागायची. विकसक नेमण्याचा ठराव झाला असेल तर फ्लॅट कितीही आवडला तरी नाद सोडायचा.

आता पाणी. टँकर सगळीकडे येतात हे खरं, पण किती आणि कुठल्या महिन्यात, यावर सगळं अवलंबून आहे. शंभर फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, माणशी रोज 135 लिटर धरलं तर 54,000 लिटर लागतात. महापालिकेचं पाणी 30,000 लिटर येत असेल तर 24,000 ची तूट, म्हणजे दहा हजारी जवळपास अडीच टँकर. बोअर चालू असेपर्यंत ही तूट झाकली जाते. एप्रिलमध्ये बोअर आटली की तीच सोसायटी उघडी पडते. बाणेरमध्ये हे जास्त जाणवण्याचं कारण साधं आहे: वस्ती झपाट्याने वाढली, जलवाहिन्या मागाहून आल्या, आणि टेकडीच्या अंगाला असलेल्या किंवा वाहिनीच्या टोकाच्या इमारतींना दाब कमी मिळतो. त्यामुळे पॅनकार्ड क्लब रोडवर दोन शेजारच्या सोसायट्यांपैकी एकीत टँकर दिसत नाही आणि दुसरीत पहाटे पाचपासून रांग. लेखात बाणेरला सरसकट नापास केलेलं नाही. ‘बाणेरमध्ये सोसायटी तपासल्याशिवाय टोकन देऊ नका’ असं लिहिलं होतं आणि ते आजही तसंच लिहीन.

तपासायचं कसं? ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ हे एजंटचं पाठ केलेलं वाक्य. गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये टँकरची नोंदवही असते: तारीख, गाडीचा नंबर, वेळ, सही. मेमधली पानं उलटून पाहा. दाखवायला नकार मिळाला तर मालकाकडून ऑगस्ट आणि मे, अशी मेंटेनन्सची दोन बिलं मागा. बऱ्याच ठिकाणी टँकरचा खर्च वेगळ्या ओळीत असतो, आणि तो भाडेकरूच्या माथी मारला जातो का, हे करारापूर्वीच ठरवून घ्यायचं. मग न्हाणीघरात जा आणि शॉवरची जाळी बघा. भोकं पांढऱ्या थराने बुजली असतील तर पाणी जड आहे. गीझरची कॉइल लवकर जाते, वॉशिंग मशीन रडतं, आणि नाजूक कातडीच्या मुलांना खाज सुटते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंतचा आकडा चांगला. टँकरच्या दिवशी तो कुठवर जातो ते बघा. एक लक्षात असू द्या, आरओ फक्त स्वयंपाकघरातलं पाणी सुधारतो, अंघोळीचं नाही.

सुखसोयींच्या मुद्द्यात तुमची बाजू निम्मी खरी आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना बाणेर-बालेवाडीच्या टॉवरसारखी मजा औंधच्या चार मजली सोसायटीत नाही. गाड्यांपासून वेगळं पोडियम, संध्याकाळी खाली पंधरा-वीस मुलं, आईबापांना वरून हाक मारता येते. पण दीड वर्षाच्या मुलाला तलावाचा उपयोग शून्य. त्याला लागतो रोज बाबागाडी ढकलता येईल असा फुटपाथ. औंधमध्ये परिहार चौकाच्या आसपास स्मार्ट सिटीच्या कामात रुंद फुटपाथ झाले. भाजी, औषधं, बालरोगतज्ज्ञ चालत होतात. बाणेर रोडला लागून असलेल्या कित्येक गल्ल्यांत गेटबाहेर पाऊल टाकलं की थेट वाहतुकीत.

टॉवरचं घर घ्यायचंच तर क्लबहाऊसचं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि बाल्कनीत उभे राहा. कठड्याला आडवे गज असतील तर मुलाला ती आयती शिडी आहे. उभ्या गजांमधली फट 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. इन्व्हिजिबल ग्रिल (बारीक तारांची जाळी) बसवायला सोसायटीची आणि मालकाची लेखी परवानगी आधी घ्या; दर्शनी भाग बिघडतो म्हणून काही सोसायट्या अडवतात आणि तोवर तुमचा करार झालेला असतो. उंच इमारतीत अग्निसुरक्षेचा ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, बघायला मागा. परवानाधारक एजन्सीकडून तो दर जानेवारी आणि जुलैत भरून घ्यायचा असतो. ऑफिसात तो सापडत नसेल तर बाकीची देखभालही कशी असेल याचा अंदाज येतो.

बसबद्दल मात्र मुळीच सहमत नाही. बस सरळ शाळेत जात नाही. सात किलोमीटरचा रस्ता, वाटेत बारा थांबे, प्रत्येक थांब्यावर दोन-तीन मिनिटं. पहिल्या थांब्यावर चढणारं मूल तासभर बसमध्ये. शाळा 8 ला भरत असेल तर घरातून पावणेसातला बाहेर, म्हणजे सहाला उठवायचं. ज्युनियर केजीतल्या मुलाला हे रोज झेपत नाही; आधी नाश्ता सुटतो, मग बसमध्ये झोप, मग शाळेत जायचं नाही म्हणून रडारड. प्रवेश घेताना विचारायचे प्रश्न असे: आमचा थांबा कितवा? परतीला क्रम उलटतो की तोच राहतो? बसमध्ये बाई मदतनीस आहे का? मुली असलेल्या बसमध्ये ती असायलाच हवी. लहान मुलाला शाळा तीन किलोमीटरच्या आत, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

आणि शाळा आधी, घर नंतर. बदलीवर येणारे लोक नेमकं उलटं करतात. नावाजलेल्या शाळांच्या नर्सरी-केजीच्या जागा आदल्या हिवाळ्यातच भरतात. जूनमध्ये येऊन मिळते ती उरलेली शाळा, आणि घर तोवर भलत्याच टोकाला घेतलेलं. वयाचा निकषही बघून ठेवा: महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. दुसऱ्या राज्यातून येताना इथेच एखादं वर्ष मागे-पुढे होतं.

मेट्रोचं सांगायचं तर हिंजवडी–शिवाजीनगर मार्ग बाणेर रोडवरून जातो, तेव्हा हिंजवडीवाल्याला फायदा होणार हे नक्की. पण तो मार्ग पोराला शाळेत सोडायचा नाही, आणि पाळणाघरातून ‘बाळाला ताप आहे, घेऊन जा’ असा फोन आला की स्थानकावर गाडीची वाट बघत कोणी थांबत नाही. घर त्या फोनला धावणाऱ्याच्या सोयीचं हवं. या जोडप्यात रोज हिंजवडीला जाणाऱ्यावर ती जबाबदारी पडणार होती. औंधहून त्याला दोन वाटा: बाणेर रोडने राधा चौक, किंवा सांगवी फाटा–रक्षक चौक–जगताप डेअरी–वाकड. एक तुंबली तर दुसरी. खराडीवाल्याचे दोन दिवस खडतरच, पण खडकी–होळकर पूल–येरवडा हा मार्ग विद्यापीठ चौक टाळतो.

रोज खराडीला जाणारं कोणी असतं तर उत्तर कल्याणीनगर आलं असतं. वनाज–रामवाडी मेट्रोचं स्थानक तिथेच आहे, शाळा जवळ आहेत. तिथली गोम पबांच्या आवाजाची. रहिवासी भागात रात्री 10 नंतर मर्यादा 45 डेसिबलची, कागदावर. शुक्रवारी-शनिवारी रात्री 11 ला त्या इमारतीच्या बेडरूमकडच्या बाजूला जाऊन उभे राहा. नदीकाठच्या बाजूला जलपर्णी आणि डास यांचीही चौकशी फेब्रुवारी-मार्च धरून करा. पावसाळ्याआधी घेतलेल्या घराला निळी-लाल पूररेषाही विचारायची: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या.

तुमच्या बाणेरलाही मी एका परिस्थितीत डोळे झाकून पहिला क्रमांक देईन: दोघांची ऑफिसं हिंजवडीत, शाळा बाणेर-बालेवाडीतच, मुलं चारच्या पुढची, आणि सोसायटीची मेमधली टँकरवही कोरी.

शेवटी तुम्ही विचारलंय की करार अकरा महिन्यांचा करावा की जास्त. मुलं शाळेत असतील तर 24 महिन्यांचा करा. नोंदणी कालावधी कितीही असला तरी करावीच लागते आणि कायद्याने ती मालकाची जबाबदारी आहे. शाळाही पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच मागतात. खर्च फार नाही. भाडं 60,000 आणि अनामत 2 लाख धरा: दोन वर्षांचं भाडं 14,40,000, अनामतीवर दरसाल 10 टक्क्यांनी 40,000, एकूण 14,80,000, त्याच्या 0.25 टक्के म्हणजे 3,700 रुपये मुद्रांक शुल्क, शहरात 1,000 नोंदणी फी, वर एजंटचं काय असेल ते. लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक महिने करार मोडता येणार नाही हे कलम नीट वाचा. छापील नमुन्यात ते बहुतेक भाडेकरूलाच बांधतं. मालकालाही तेवढेच महिने बांधून घ्या आणि शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत घर रिकामं करायला सांगता येणार नाही, अशी एक ओळ घाला. मालक कां-कू करू लागला तर तो फ्लॅट विकायला काढायच्या बेतात आहे का, हे तिथल्या तिथे विचारून घ्या.