ब्रॉन्को बिलीवरचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

सगळ्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय, मिशीवाला माणूस, डोक्यावर हॅट, पिस्तूल सरळ आपल्यावर रोखलेलं, आणि खाली लिहिलंय की हा ब्रॉन्को बिली अँडरसन, सिनेमातला पहिला काउबॉय हीरो, अमेरिकेच्या वेस्टमध्ये (पश्चिम भागात) वाढलेला अस्सल काउबॉय, बोलपट आले आणि हा संपला, लोक विसरले. पहिला काउबॉय हीरो हे बरोबर आहे, बाकी सगळं चुकलंय.

फोटोतला माणूस बिली नाहीच. तो जस्टस बार्न्स, आणि शॉट आहे एडिसन कंपनीच्या १९०३ च्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'मधला. हा शॉट सुरुवातीला दाखवा नाहीतर शेवटी, तुमची मर्जी, असं कंपनीनेच थिएटरवाल्यांना कळवलं होतं. अँडरसन त्याच पिक्चरमध्ये आहे पण छोट्या छोट्या रोलमध्ये, ट्रेनमधून उतरवलेल्या प्रवाशांतला एकजण पळत सुटतो आणि गोळी खाऊन पडतो ना, तो हा.

अस्सल काउबॉय? अहो, मूळ नाव मॅक्स अॅरनसन, जन्म १८८० चा, आर्कान्सामधल्या लिटल रॉकचा, ज्यू घरातला. न्यूयॉर्कला आला तो नाटकात काम करायला. १९०३ मध्ये घोड्यावर नीट बसताही येत नव्हतं. आणि तो पिक्चर तरी कुठे वेस्टमध्ये काढलाय, बरंचसं शूटिंग न्यू जर्सीत झालंय.

त्याचं खरं मोठेपण मेसेजमध्ये आलेलंच नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. १९०७ मध्ये त्याने जॉर्ज स्पूरबरोबर शिकागोत एसने कंपनी काढली, मग युनिट घेऊन कॅलिफोर्नियात गेला आणि १९१२ पासून नाइल्स नावाच्या छोट्या गावात एकामागून एक वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचे पिक्चर, काढत सुटला, लिहायचं त्यानेच, डायरेक्शन त्याचं, हीरो पण तोच. ब्रॉन्को बिली हे एकच पात्र पिक्चरमागून पिक्चर परत येतंय आणि लोक त्या नावासाठी तिकीट काढतायत, ही सवय वेस्टर्नला त्याने लावली. १९१० च्या 'ब्रॉन्को बिलीज रिडेम्प्शन'मध्ये बिली गुन्हेगार आहे, पण आजारी बापलेकीला वाचवायला स्वतःची सुटका पणाला लावतो. मनाने चांगला असलेला गुन्हेगार पुढे किती वेस्टर्नमध्ये दिसला बघा!

बोलपटांनी संपवला म्हणणाऱ्यांनी नुसती वर्षं बघावीत, एसनेमधून तो १९१६ मध्येच बाहेर पडला आणि बोलपटांची लाट आणणारा 'द जॅझ सिंगर' आला १९२७ मध्ये. मधल्या काळात त्याने स्टॅन लॉरेलच्या (लॉरेल-हार्डी जोडीतला लॉरेल) कॉमेडी प्रोड्यूस केल्या.

आणि विसरले म्हणाल तर १९५८ च्या सोहळ्यात त्याला मानद ऑस्कर मिळालं, तो गेला १९७१ मध्ये, नव्वदीत. नाइल्समध्ये आज मूकपटांचं म्युझियम आहे, तिथल्या जुन्या थिएटरात अजून पियानोच्या साथीने मूकपट दाखवतात आणि बिलीच्या नावाने फेस्टिव्हलही भरवतात. दुःख करायचंच असेल तर त्याच्या शेकडो फिल्म्सपैकी बहुतेक कायमच्या नष्ट झाल्यात, त्याचं करा.