काळिमा नेमका कुणाच्या तोंडाला?

‘माणुसकीला काळिमा फासणारी घटना.’ बातमी काय आहे ते कळायच्या आधीच हे वाक्य येऊन आदळतं. नराधम, काळिमा, खळबळ हे तीन शब्द बातमीदारांच्या खिशात सुट्या पैशांसारखे खुळखुळत असतात. हात घातला की एक तरी हाताला लागतोच. घटनेचा संताप येतोच. पण मला या वाक्याचाही संताप येतो, आणि तो का येतो ते आज सविस्तर लिहून टाकते.

बापानं मुलीवर अत्याचार केला की छापून येतं, ‘बाप-लेकीच्या नात्याला काळिमा’. मास्तरनं केला तर ‘गुरु-शिष्याच्या नात्याला काळिमा’. डॉक्टरनं केला तर पेशाला, पोलिसानं केला तर खाकीला, आणि अगदीच कुणी सापडलं नाही तर शहराला. म्हणजे काळं लागलं ते नात्याला, पेशाला, कपड्याच्या रंगाला. ज्यानं ते कृत्य केलं त्याचं तोंड वाक्यात कुठेच नाही. तो नुसता फासणारा! आणि बाप-लेकीच्या नात्यात अर्धी वाटेकरी ती लेकच ना? मग निम्मं काळं आपण तिच्याही तोंडाला फासलं की नाही? तिनं काय केलं होतं?

फासणे हे क्रियापद तसं फार रोकठोक आहे. अंगाला राख फासतात, दगडाला शेंदूर फासतात. फासायला समोर काहीतरी लागतं आणि बोटं बरबटून घ्यावी लागतात. पूर्वी तोंडाला काळं फासून गाढवावर उलटं बसवून धिंड काढायचे. रानटी प्रकार, पुष्कळदा निरपराध माणसावरच व्हायचा, त्याची तरफदारी मी करत नाही. पण त्यात एक होतं: ज्याला गुन्हेगार ठरवलं, काळं त्याच्याच तोंडाला. आपल्या मथळ्यांनी तेवढंही ठेवलेलं नाही.

आंदोलनात हा प्रकार अजून जिवंत आहे, फक्त काजळीच्या जागी शाई आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईत शिवसैनिकांनी लेखक सुधींद्र कुलकर्णी यांच्या तोंडाला काळं फासलं, कारण ते पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री कसुरी यांच्या पुस्तकाच्या प्रकाशनाचे आयोजक होते. कुलकर्णी काय करते झाले? त्याच माखलेल्या तोंडानं पत्रकारांसमोर जाऊन बसले, आणि प्रकाशनही ठरल्याप्रमाणे झालं. डिसेंबर २०२२ मध्ये चिंचवडला चंद्रकांत पाटलांवर शाई फेकली गेली, ती फुले-आंबेडकरांबद्दलच्या त्यांच्या विधानावरून. दोन्ही वेळा लोक भांडले ते एकाच गोष्टीवरून, नाचक्की कुणाची झाली? ज्याच्या तोंडाला लागली त्याची, की ज्यानं लावली त्याची? हा प्रश्न शाईच्या बाबतीत आपल्याला चटकन सुचतो. मथळा वाचताना का सुचत नाही?

आता घरात या. घरात ‘काळिमा’ कुणी म्हणत नाही, तो छापील शब्द आहे. घरात नाक कापलं जातं. ‘चार लोकांत आमचं नाक कापलंस.’ बोलणारे बाबा, काका, कधी आत्यासुद्धा. ऐकणारी बहुतेक वेळा मुलगी, कारण मुलगा नापास झाला, दारू प्यायला, बायकोला मारलं तरी ‘त्याचं डोकं जरा गरम आहे’ एवढ्यावर भागतं. गंमत बघा, रामायणात लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते तिचं स्वतःचं. नाशिकचं नावच त्या नाकावरून पडलं असं सांगतात. आपल्याकडे मात्र मुलीनं मनासारखं लग्न केलं की नाक कापलं जातं बापाचं. एका बाईच्या वागण्यावर किती पुरुषांची नाकं टांगलेली असतात!

‘कुळाला बट्टा’ हा त्याचाच भाऊ. बट्टा मूळचा सराफकट्ट्यावरचा. पेशवाईत नाना टांकसाळींचे नाना रुपये चालायचे. नाणं झिजलेलं असलं किंवा दुसऱ्या टांकसाळीचं असलं की सराफ त्यात कसर धरायचा, तो बट्टा. म्हणजे किंमत ठरवणारा सराफ, आणि कमी भरलं तर दोष नाण्याचा. घराण्याच्या बाबतीत हा सराफ कोण? तेच ते ‘चार लोक’, ज्यांना आजवर कुणी एकत्र बसलेलं पाहिलेलं नाही.

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं. गावाच्या हिशेबात हा बट्टाच होता, आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांनाही बसली. १९५८ साली त्याच माणसाला भारतरत्न मिळालं. मधली पासष्ट वर्षं ते नाणं काही बदललं नव्हतं.

आणि ‘अब्रू’! हा शब्द मला फार आवडतो आणि त्याचं आपण जे केलंय त्याचं फार वाईट वाटतं. फारसीतला आब-रू, म्हणजे चेहऱ्याचं पाणी, तेज. ‘आब राखून वागावं’ म्हणतो त्यातला आब हाच. इतका देखणा शब्द, आणि आपण त्याला कुठे नेऊन बसवलं? ‘तरुणीची अब्रू लुटली.’ लुटली म्हणजे तिच्याकडे होती, आता नाही. लुटणाऱ्याची? त्याची शाबूत असावी, कारण त्याबद्दल वाक्यात अवाक्षर नाही. ‘विनयभंग’ त्याच जातीचा. धक्का मारला त्यानं, हात घातला त्यानं, आणि भंगला विनय तिचा. नव्या भारतीय न्याय संहितेत या गुन्ह्याला ७४ वं कलम आलं, तरी मराठी बातमीत विनयभंग जसाच्या तसा.

बलात्कार पीडितेचं नाव उघड करू नये म्हणून १९८३ साली दंड संहितेत २२८-अ हे कलम घालावं लागलं. आता ते न्याय संहितेत ७२ वं आहे. तिनं स्वतः लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. कलम हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ते का लागलं? चोरी झालेल्या माणसाचं नाव आपण बिनदिक्कत छापतो. इथे नाव छापलं की मार तिलाच बसणार हे कायद्यालाही ठाऊक आहे, म्हणून.

यावर एक मैत्रीण म्हणाली, ‘लाज गेली तर समाज सुटेल, लाज हवीच.’ अगदी हवी. पण मराठीत लाज वाटते, लाज आणतात आणि लाज काढतात, आणि हे तीन वेगवेगळे धंदे आहेत. वाटते ती ज्याची त्याला, आतून, केलेल्या कृत्याची. आणतात ती दुसऱ्यावर, त्याला बघे लागतात. काढतात ती चारचौघांत, मुद्दाम. पहिलीचा तुटवडा आहे आणि उरलेल्या दोन्हींचा सुकाळ. जातपंचायती हेच करत आल्या, लाज आणल्याचा ठपका ठेवून अख्खं कुटुंब वाळीत. शेवटी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पंचांना स्वतःहून लाज वाटली असती तर एवढा खटाटोप कशाला?

मग लिहायचं काय, असं विचाराल. साधं लिहा. ‘विद्यार्थिनीवर अत्याचार, शिक्षकाला अटक.’ कुणी केलं, काय केलं, पुढे काय झालं. नात्याला, पेशाला, माणुसकीला मध्ये ओढायची गरज नाही.

आणि एवढं सांगूनही काळिमा फासल्याशिवाय राहवतच नसेल, तर निदान ‘काळिमा फासला’ असं लिहा हो. ‘काळिमा फासली’ नाही. महिमा जसा ‘तो’, तसा मराठीत काळिमाही ‘तो’. ‘ती’ कालिमा हिंदीतली. हल्ली रोज कुठे ना कुठे दिसते. मूळ बातमीनं डोकं उठलेलं असतंच, त्यात ही भर.