चाकाच्या नटांना अँटी-सीझ लावायचं, म्हणे!

गाडीची चाकं बसवण्याबद्दलचा एक सल्ला बराच फिरतोय. थोडक्यात तो असा: प्रत्येक स्टडला (ज्यावर चाकाचा नट चढतो त्या आट्यांच्या दांड्याला) अँटी-सीझ ग्रीस लावा; त्याने नट गंजून अडकत नाहीत, जास्त घट्ट बसतात, ब्रेकची उष्णताही ते सोसतं, आणि गॅरेजवाले लावत नाहीत ते निव्वळ आळसापोटी. यातलं गंजाचं तेवढं अर्धं खरं आहे.

आधी ‘जास्त घट्ट बसतात’ घेऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. बसतात ना, नको तितके घट्ट बसतात. पाना फिरवताना लावलेल्या जोरापैकी साधारण 10 टक्केच स्टड ताणायला कामी येतो. निम्मा जोर नटाचा तळ चाकावर घासण्यात जातो, उरलेला आट्यांच्या घर्षणात. मॅन्युअलमधला टॉर्कचा, म्हणजे नट पिळण्याच्या जोराचा आकडा हे घर्षण धरूनच काढलेला असतो, आणि बहुतेक गाड्यांना तो स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. ग्रीसने घर्षण घटलं की वाचलेला जोर थेट स्टडवर येतो.

किती येतो ते बघा. 12 मिमीचा स्टड, 110 न्यूटन-मीटर टॉर्क. कोरड्या आट्यांसाठी हिशेबात घर्षणापोटी सहसा 0.2 हा गुणांक धरतात. त्याने स्टडवर सुमारे 46 किलोन्यूटन ताण येतो. अँटी-सीझमुळे गुणांक 0.14 वर उतरला, तर पाना तोच, आकडा तोच, पण ताण 65 वर. 10.9 ग्रेडचा (ही ताकदीची प्रत), दीड मिमी अंतराच्या आट्यांचा स्टड कायमचा न लांबता साधारण 73 पर्यंत सोसतो. म्हणजे लगेच काही तुटणार नाही. पण ‘राहू दे अजून जरासं’ म्हणत टॉर्क 130 न्यूटन-मीटरपर्यंत नेला की हद्द ओलांडलीच. इम्पॅक्ट गनने, म्हणजे झटके देत नट आवळणाऱ्या यंत्राने तर हे काही सेकंदांत होतं. असा लांबलेला स्टड पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. तसंच वारंवार होत राहिलं, तर तो एक दिवस तुटतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग टॉर्क कमी लावू. किती कमी? पेस्ट कोणती, किती लावली, नटाच्या तळाला लागली का, यावर ते ठरतं. गाडीच्या कंपनीने ग्रीस लावलेल्या आट्यांचा आकडाच दिला नसेल, तर 20 टक्के कमी की 30, हा निव्वळ अंदाज. यंत्रांच्या कामात बोल्टला वंगण लावून आवळतात हे खरं, पण तिथे आकडाही वंगण धरूनच दिलेला असतो.

आता गंज. नट सुटत नाही तेव्हा बहुतेक वेळा तो आधी अवाच्या सवा आवळलेला असतो, तिरका चढवलेला असतो किंवा आट्यांत माती असते. आणि नट निघूनही चाक हलत नाही, लाथा घालाव्या लागतात, तेव्हा दोष आट्यांचा नसतोच. चाकाच्या मधलं भोक हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाच्या) गोल कडेवर गंजून चिकटलेलं असतं. त्या कडेला अँटी-सीझचा अगदी पातळ हात फिरवायला माझी ना नाही. मात्र हब आणि चाक जिथे सपाट टेकतात तिथे नको. गाडीचा भार मुख्यतः त्या दोन पृष्ठभागांच्या घर्षणावर पेलला जातो. स्टडचं काम त्यांना एकमेकांवर दाबून धरण्याचं.

उष्णतेचं कौतुक बिनकामाचं. तांब्याची पेस्ट हजार अंशांपर्यंत टिकते, कबूल. चाकाचे नट तेवढे तापतात कुठे? उलट असली धातूमिश्रित पेस्ट एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरपासून लांब ठेवावी, असंच सांगतात.

‘आम्ही कित्येक वर्षं लावतोय, काही झालं नाही’ हेही ऐकू येतं. स्टडमध्ये राखीव ताकद ठेवलेली असते, तीच वापरली जात असते, एवढाच त्याचा अर्थ. आणि जे दुसऱ्या टोकाला जाऊन ग्रीसने नट आपोआप सुटून पडतात असं सांगतात, तेही मुख्य धोका चुकवतात. धोका आधी स्टड ताणला जाण्याचा आहे.

अपवाद आहेत, नाही असं नाही. पोर्शेच्या काही गाड्यांत बोल्टला ठरलेली पेस्ट लावायला कंपनीच सांगते. अनेक ट्रकच्या दोन भागांच्या नटांवर तेलाचे एक-दोन थेंब टाकायचे असतात. दोन्हीकडे जागा आणि आकडा लिहून दिलेला असतो. गॅरेजवाला आळशी असेलही, पण या बाबतीत त्याचा आळस पथ्यावर पडतो.

मग करायचं काय? तारेच्या ब्रशने आटे साफ करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. नट आधी हाताने चढवा. हाताने शेवटपर्यंत फिरला नाही तर पाना लावू नका, आटे बघा. मधेच बारीक किंवा लांबलेले दिसले तर स्टड बदला. मग समोरासमोरचे नट घेत, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (ठरवलेला टॉर्क मोजून देणाऱ्या पान्याने) मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळा. 50 ते 100 किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा तोच रेंच लावून बघा, चाक गार असताना.