‘सही साहेबांची, आपण फक्त टिक मारायची’ हा सल्ला मुलांना खड्ड्यात घालणारा आहे

सीए इंटरचा, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचा, निकाल लागला की आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून काम, सुरू करणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मथितार्थ तोच असतो. सही साहेबांची असते, आपल्यावर काही येत नाही. फी क्लायंट देतो, तेव्हा त्याला हवे तसे आकडे बसवून द्यायचे. सगळीकडे हेच चालतं आणि यात कुणाचं नुकसान होत नाही. नाही म्हणणाऱ्याचं करिअर तिथेच संपतं. एथिक्स म्हणाल तर पेपर सुटण्यापुरतं वाचायचं.

सांगणारे बहुतेक जण आपल्याच दोन-तीन वर्षं पुढचे असतात आणि आपलं भलं व्हावं म्हणूनच सांगतात. म्हणून तर मुलांना ते खरं वाटतं. माझ्या मते हा सल्ला जवळजवळ सगळाच चुकीचा आहे, आणि त्यातला सगळ्यात धोकादायक भाग पहिला आहे.

‘सही साहेबांची, जबाबदारी साहेबांची.’ अर्धं खरं आहे. रिपोर्टवर सही करणाऱ्या सीएला इन्स्टिट्यूटपुढे, म्हणजे सीएंच्या नियामक संस्थेपुढे, उत्तर द्यावं लागतं, आर्टिकलला, म्हणजे शिकाऊ मुलाला, त्या रिपोर्टसाठी द्यावं लागत नाही. प्रामाणिकपणे काम करताना तुमच्या नजरेतून एखादं बिल सुटलं, म्हणून कुणी तुम्हाला कोर्टात नेत नाही. ही भीती मनातून काढून टाका. पण माहीत असताना खोटी नोंद केली, तर गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३४४, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं ४७७-अ, हिशेबातल्या खोटेपणाबद्दल आहे. ते कारकून, अधिकारी आणि नोकर यांनाच लागू होतं, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. १९६१च्या आयकर कायद्यातही कलम २७७-अ होतं: दुसऱ्याला कर चुकवता यावा म्हणून जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्याला तुरुंगवास. कायद्याने कनिष्ठांना कधीच वगळलेलं नाही.

अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम कंपनीत बेटी विन्सन नावाची मधल्या फळीतली अकाउंटंट होती. २०००च्या ऑक्टोबरमध्ये तिला आणि तिच्या सहकाऱ्याला वरून सांगण्यात आलं, की खर्चासाठी केलेल्या तरतुदीतून ८२.८ कोटी डॉलर काढा, म्हणजे तिमाहीचा नफा बाजाराच्या अपेक्षेइतका दिसेल. नोंद केली आणि ती हादरली. राजीनामा द्यायचा असं तिने ठरवलं. तेव्हा कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी स्कॉट सलिव्हन याने दोघांना समजावलं, की यात बेकायदा काही नाही आणि जबाबदारी सगळी माझी. घरखर्चाचा मोठा भार तिच्यावर होता. ती थांबली. पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. घोटाळा बाहेर आल्यावर तिने गुन्हा कबूल केला आणि २००५ मध्ये तिला पाच महिन्यांचा तुरुंगवास व पाच महिन्यांची नजरकैद झाली. सलिव्हनलाही पाच वर्षं झाली, पण ‘जबाबदारी माझी’ या त्याच्या शब्दाचा तिला कोर्टात काडीचाही उपयोग झाला नाही.

अमेरिका लांब वाटत असेल तर सत्यम या आयटी कंपनीतला हिशेबाचा घोटाळा बघा. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवलं. कंपनीचा अध्यक्ष रामलिंग राजू आणि दोन ऑडिटर सगळ्यांना आठवतात. त्या दहा जणांत वित्त विभागातला एक असिस्टंट मॅनेजरही होता, हे फारसं कुणाला आठवत नाही. पुढे अपिलात शिक्षा स्थगित होऊन जामीन मिळाले, पण अटक, खटला आणि सहा वर्षांच्या तारखा त्यालाही चुकल्या नाहीत.

शिक्षेची भीती घालणं हा माझा मूळ हेतू नाही. ‘आपण फक्त टिक मारायची’, म्हणजे कागद तपासला अशी खूण करून मोकळं व्हायचं, या वाक्यात कामाचीच गफलत आहे, आणि मला ती जास्त खुपते. एखाद्या कारखान्याच्या मजुरीच्या व्हाउचरचा गठ्ठा घ्या. ९,९०० रुपये, ९,९०० रुपये, पुन्हा ९,९००. तारखा सलग. नावं वेगवेगळी, पण अक्षर एकाचंच, पेनही एकच. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात नामंजूर होतो, म्हणून मोठी रक्कम अशी कापून बसवतात. काही वेळा मजूरच नसतात. सही करणाऱ्या पार्टनरच्या टेबलावर पोचतं ते एवढंच: मजुरी, अठरा लाख. ते अक्षर आणि त्या तारखा फक्त गठ्ठा उलटणाऱ्याला दिसतात. तो गठ्ठा उलटणारा तुम्ही आहात. तुम्ही डोळे मिटून टिक मारली, तर त्या साखळीत पुढे ते पाहणारं कुणीच उरत नाही.

‘फी क्लायंट देतो.’ देतो, पण कंपनीचा ऑडिटर भागधारक नेमतात आणि रिपोर्ट त्यांच्याच नावाने लिहिला जातो. शिवाय त्या कागदावर भरवसा ठेवणाऱ्यांत बँक असते, आयकर खातं असतं. गोदामात ऐंशी लाखांचा माल आणि बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे मालाच्या हिशेबात, सव्वा कोटी, हे ‘सीसी लिमिट (मालाच्या तारणावरच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा) टिकवायचंय’ म्हणून टाइप करून द्यायला सांगतात. आता पाच कोटींच्या वर खेळत्या भांडवलाचं कर्ज असलेल्या कंपनीत ही तिमाही स्टेटमेंटं वह्यांशी जुळतात का, हे ऑडिटरला रिपोर्टमध्ये सांगावं लागतं. म्हणजे तुम्हीच टाइप केलेला आकडा तुमच्याच ऑफिसला खोडावा लागणार.

‘कुणाचं नुकसान होत नाही’ हे वाक्य मुंबईत तरी कुणी उच्चारू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढता येणार होते. एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जं झाकायला एकवीस हजारांहून जास्त बनावट खाती दाखवली गेली, असं पोलिसांकडच्या तक्रारीत नोंदलं गेलं. एवढी मोठी यादी कुणा एका वरिष्ठाने एकट्याने टाइप केली असेल, असं मला वाटत नाही. पेन्शनर, छोटे दुकानदार, गृहनिर्माण सोसायट्या सगळे अडकले. २०२२ मध्ये बँक विलीन झाली, पाच लाखांपर्यंतचे पैसे ठेव विम्यातून मिळाले, पण मोठ्या ठेवीदारांच्या उरलेल्या रकमेला दहा वर्षांपर्यंतची मुदत लागली. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं म्हणजे काय, हे सांगायला नको.

‘सगळेच करतात’ यावर फार बोलण्यासारखं नाही. सगळे करत नाहीत. आणि एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची आपोआप राहणारी नोंद, सक्तीचा आहे, त्यामुळे मागच्या तारखेने नोंद टाकली तर ती कधी टाकली आणि काय बदललं याची नोंदही मागे राहते.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘नाही म्हटलं की करिअर संपलं.’ इथे मी मुलांच्या बाजूने आहे. स्टायपेंड तुटपुंजा, दुसऱ्या सीएकडे ट्रान्सफर मिळवणं कटकटीचं, आणि साहेबांचा शब्द शेवटचा. भीती खरी आहे. तरी वर्ल्डकॉममध्येच, मिसिसिपीतल्या क्लिंटन गावच्या मुख्यालयात, सिंथिया कूपरही नोकरीला होती. अंतर्गत ऑडिट तिच्याकडे होतं. सलिव्हनने तपास पुढे ढकलायला सांगितलं, तरी तिच्या माणसांनी रात्री थांबून नोंदी तपासल्या आणि जून २००२ मध्ये ३.८ अब्ज डॉलरची हेराफेरी उघडी केली. त्यानंतरही ती दोन वर्षं त्याच कंपनीत होती.

तुमच्याकडून कुणी एवढ्या धाडसाची अपेक्षा करत नाही. पहिल्या वर्षात ‘नाही’ म्हणायची वेळ क्वचितच येते, विचारायची वेळ मात्र रोज येते. खटकलेलं व्हाउचर तारीख, नंबर, रकमेसकट क्वेरी शीटवर, म्हणजे शंकांच्या यादीत, उतरवा आणि ती शीट सिनिअरला मेल करा. तोंडी सांगून सोडू नका. ‘हे अ‍ॅडजस्ट करून टाक’ असं तोंडी सांगितलं, तर ‘सर, नरेशन काय टाकू?’, म्हणजे नोंदीचं कारण काय लिहू, असं मेलवर विचारा. नुसत्या या प्रश्नावर पुष्कळ नोंदी मागे घेतल्या जातात. उत्तर आलं नाही तर ती नोंद करू नका, क्वेरी उघडीच ठेवा आणि वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ऑडिटच्या कामाच्या कागदांत, तसं लिहा. आणि दर महिन्याला तीच गत असेल, तर ट्रान्सफरचे नियम वाचायला लागा आणि घरी सांगा. त्यात सहा महिने गेले तरी चालतील.