गेमचा दुसरा भाग घ्यावा का? घ्यायचा ठरलाच आहे, फक्त कारणं शोधा

सिक्वेल घ्यावा की नाही असा प्रश्न तुम्हाला पडलाय, म्हणजे तो तुम्ही घेणार हे नक्की. आता फक्त घरी काय सांगायचं एवढंच ठरवायचंय. तर ऐका.

पहिला भाग अजून अर्धाच खेळून झालाय ही अडचण मनातून काढून टाका. सिन्नरला ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस काय शिर्डीला जायचं रद्द करतो का? आणि प्री-ऑर्डरच करा, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरून ठेवा, कारण डिजिटल गेम म्हणजे पंचवटीतल्या मार्केटमधली कोथिंबीर, उशिरा गेलात तर जुड्या संपलेल्या असतात, मग सर्व्हरवाले नवीन माल कुठून आणणार बिचारे. थांबलात तर सहाएक महिन्यांनी तोच गेम सेलमध्ये स्वस्तात मिळेल, सगळे पॅच म्हणजे दुरुस्त्या लागून, बग म्हणजे चुका निघून, हे खरंय, पण त्यात मजा काय? सातपूरच्या कंपनीत क्वालिटी चेकला बसलेल्या पोरांना पगार मिळतो, आपण तेच काम स्वतःचे पाच हजार भरून करतो, याला म्हणतात पॅशन.

स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, रिफंड मिळतो म्हणे. घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि खेळणं 2 तासांपेक्षा कमी झालेलं असेल तर. ते 2 तास वाया घालवू नका, कॅरेक्टरचं नाक बनवा. नाक जमलं की भुवया, भुवयांनंतर हनुवटी, आणि गेम बरा आहे का हे कळायची वेळ येईपर्यंत रिफंडची मुदत गेलेली असते, तुम्ही टेन्शनमधून मोकळे.

मित्राला विचारायचं असेल तर ज्याने आधीच घेतलाय त्यालाच विचारा, मिसळ खाताना. पैसे घालून बसलेला माणूस तुम्हाला नको म्हणेल का, रामकुंडात पण लोक एकटे कुठे उतरतात, चार जणांना घेऊन डुबकी मारतात.

जुन्या गोष्टी आठवत बसू नका. ओव्हरवॉच पैसे देऊन घेतलेल्यांचा गेम ऑक्टोबर 2022 मध्ये बंद करून जागेवर ओव्हरवॉच 2 आणला, आणि कॉम्प्युटरच्या शत्रूंशी लढायच्या ज्या मोठ्या हीरो मोडच्या नावावर दुसऱ्या भागाचं एवढं कौतुक चाललं होतं तो मोडच मे 2023 मध्ये रद्द केला. असो. फुटबॉलवाले तर दरवर्षी नवा गेम देतात, 2023 ला फिफाचं नाव गेलं आणि ईए स्पोर्ट्स एफसी आलं. गंगापूर रोडवर हॉटेलचा बोर्ड बदलतो पण आत आचारी तोच असतो ना, तसंच, पण नवीन बोर्डाखाली फोटो काढायला आपल्याला आवडतंच. (मी दोन वेळा घेतलाय, मला बोलू नका.)

हॉलो नाइट गेमचा दुसरा भाग सिल्कसाँग 2019 मध्ये जाहीर झाला, सप्टेंबर 2025 मध्ये आला, तोही 20 डॉलरला, आणि लोकांची एवढी झुंबड उडाली की स्टीमच बसलं. असे चांगले अपवाद बघून आपला नियम बिघडवायचा नाही, आपण महागातलाच बघायचा.

आता जागा. रेड डेड रिडेम्प्शन 2 सारख्या गेमला पीसीवर 150 जीबी मोकळी लागते, एवढी तर आपल्या वन रूम किचनमध्ये पण नसते. मग काय उडवायचं? पहिला भाग. बघा, अर्धवट राहिल्याचा प्रश्न आपोआप मिटला.

राहिली आई. तिला किंमत सांगू नका, ऑफिसचं सॉफ्टवेअर आहे म्हणा, आणि ती चहा घेऊन मागे उभी असताना तुम्ही घोड्यावरून कुणाला गोळी घालत असाल तर मान न वळवता सांगा, अगं ट्रेनिंग चालूय.